पर्सनल ट्रेनर व्हायला काय काय लागतं? वाचकांच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात मी पन्नाशीनंतर वजनं उचलण्याबद्दल लिहिलं होतं. गुडघ्यांचे आणि कंबरेचे प्रश्न येणार हे धरून चालले होते, ते आलेच. पण त्यांच्याहून जास्त पत्रं निराळी निघाली: हे काम शिकायचं कुठं, सर्टिफिकेट कुठलं घ्यायचं, वय आडवं येतं का. म्हणून या वेळी सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रं थोडी कापली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न: ताई, मी लालबागचा. वय २१, बारावी कॉमर्स झालोय, पुढं शिकलो नाही. आमच्या गल्लीतल्या व्यायामशाळेत लहानपणापासून जातो आणि आता तिथल्या छोट्या मुलांना मीच शिकवतो. जोर, बैठका, मल्लखांब, थोडी वजनं. एका मोठ्या जिममध्ये कामाचं विचारायला गेलो तर म्हणाले, सर्टिफिकेट घेऊन ये. एक मित्र म्हणतो अमेरिकेचं घे, एक क्लासवाला म्हणतो आमचं घे, लगेच मिळेल. इंग्रजी वाचता येतं, पण भीती वाटते. घरून जास्त पैसे मागू शकत नाही. काय करू?
— एक वाचक, लालबाग

उत्तर: तू छोट्या मुलांना शिकवतोस हे वाचून मला फार बरं वाटलं. स्वतःला बैठक मारता येणं आणि दुसऱ्याची बैठक बघून त्याचा गुडघा आत का वळतोय हे ओळखणं, ही दोन वेगळी कामं. ट्रेनरला दुसऱ्या कामाचे पैसे मिळतात, आणि ते तू आधीपासून करतो आहेस.

आता कायद्याचं, कारण त्याबद्दल बराच गोंधळ आहे. डॉक्टरला जशी सरकारी नोंदणी लागते तशी आपल्याकडे पर्सनल ट्रेनरला लागत नाही. सर्टिफिकेट मागतं ते जिम, सोसायटीची कमिटी आणि हल्ली क्लायंटसुद्धा. सरकारची सक्ती नसल्यामुळे कुणीही कागद छापून देऊ शकतो, आणि देतातही. तुझ्या क्लासवाल्याला तीन गोष्टी विचार. परीक्षा कोण घेतं, तुम्हीच की बाहेरचं कुणी? प्रात्यक्षिक असतं का? नापास झालेली मुलं असतात का? 'आमच्याकडे सगळे पास होतात' असं तो अभिमानानं म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पड.

धड रस्ते दोन आहेत. एक आपल्याकडचा. केंद्र सरकारच्या कौशल्य विकासाच्या चौकटीत स्पोर्ट्स, फिजिकल एज्युकेशन, फिटनेस अँड लीझर स्किल्स कौन्सिल नावाची संस्था आहे. फिटनेस ट्रेनरला काय काय आलं पाहिजे हे तिनं ठरवून दिलं आहे. तिच्याशी संलग्न केंद्रात शिकलास तर लेखी परीक्षा होते आणि हातानं करूनही दाखवावं लागतं. मात्र 'आम्ही संलग्न आहोत' एवढ्या बोलण्यावर फी भरू नकोस. कौन्सिलच्या यादीत त्या केंद्राचं नाव स्वतः शोध.

दुसरा रस्ता अमेरिकन संस्थांचा. एसीई, एनएएसएम, एनएससीए आणि एसीएसएम ही चार नावं मुंबईतल्या मोठ्या जिममध्ये ओळखीची आहेत. सर्टिफिकेटच्या परीक्षा नीट होतात की नाही हे तपासणारी एनसीसीए नावाची वेगळी संस्था तिकडे आहे आणि या चौघांच्या पर्सनल ट्रेनर परीक्षेला तिची मान्यता आहे. अटी मोजक्याच: वय १८ पूर्ण, सीपीआर (हृदय बंद पडलं तर छाती दाबून आणि श्वास देऊन करायचा तातडीचा उपचार) आणि एईडी (हृदयाला शॉक देणारं मशीन) यांचं मुदतीतलं सर्टिफिकेट, फोटोचं सरकारी ओळखपत्र, आणि बहुतेक ठिकाणी आपल्या बारावीइतकं शिक्षण. म्हणजे पदवी नाही म्हणून तुझं काही अडत नाही. ओळखपत्रावरचं आणि अर्जातलं नाव मात्र अक्षरन् अक्षर सारखं असू दे. एकीकडे वडिलांचं नाव मधे आहे, दुसरीकडे नाही, एवढ्यावरून परीक्षेच्या दारातून परत आलेली मुलं मी पाहिली आहेत.

एसीईच्या परीक्षेत तीन तासांत १५० प्रश्न असतात आणि २०० ते ८०० या मोजपट्टीवर ५०० मिळाले की पास. एनएएसएमची परीक्षा दोन तासांची, १२० प्रश्नांची. सगळे प्रश्न पर्यायांचे, भाषा इंग्रजी.

तर ती इंग्रजीची भीती. परीक्षेत बोलायचं काहीच नसतं, वाचायचं असतं. आणि अडखळायला होतं ते स्नायूंच्या, हाडांच्या लॅटिन नावांवर. ती नावं कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांनाही तितकीच नवी असतात. माझ्याकडे अभ्यासाला येणाऱ्या मुलांना मी पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरुवात करू देत नाही. तुझ्या अंगात मुरलेली बैठकच घे. खाली जाताना मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, लांबत जातो, तरी भार सोडत नाही. याला एक्सेन्ट्रिक काम म्हणतात. वर येताना तोच आखडतो, ते कॉन्सेन्ट्रिक. आपल्या बैठकीत टाचा उचलतात आणि गुडघा पंजाच्या पुढं जातो, म्हणून मांडीच्या पुढच्या बाजूवर आणि गुडघ्यावर जास्त भार. जिममधल्या स्क्वॉटमध्ये टाच जमिनीवर, कंबर मागे, मग नितंबांचे स्नायू जास्त कामाला लागतात. हालचाल वर-खाली आणि पुढं-मागं, बाजूला किंवा पीळ देऊन नाही, म्हणून ती सॅजिटल प्रतलातली. या एका बैठकीवर परीक्षेतले कितीतरी प्रश्न बेतता येतात.

मग जोर घे. छाती आणि दंडाचा मागचा स्नायू सगळ्यांना माहीत असतात. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे चार छोटे स्नायू, ज्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात, ते विचारले की मुलं गप्प होतात: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरीस मायनर, सबस्कॅप्युलॅरिस. चारही नावं मोठ्यानं म्हण, आणि आपल्याच खांद्यावर ते कुठून कुठं जातात ते बोटानं फिरवून बघ. एका वहीत रोज एक कसरत: कुठला सांधा हलला, कुठल्या स्नायूनं काम केलं, कुठल्या प्रतलात, आणि नवशिक्याचं त्यात काय चुकतं. शेवटचा रकाना तू पुस्तकापेक्षा चांगला भरशील.

सीपीआर सगळ्यात आधी कर. अट आहे म्हणून लोक ते शेवटच्या आठवड्यात उरकतात, मला ते मुळीच पटत नाही. जमिनीवरच्या पुतळ्याच्या छातीच्या मधोमध एका तळहातावर दुसरा ठेवायचा, कोपर सरळ, खांदे हातांच्या बरोबर वर, आणि कमरेतून वजन टाकायचं. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ३० दाब झाले की दोन श्वास. रोज भरपूर जोर मारणारा मुलगाही दोन मिनिटांत घामाघूम होतो. दमला की त्याचे दाब उथळ होत जातात आणि ते त्याला स्वतःला कळत नाही; म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. कोपरात वाकून दंडाच्या ताकदीवर दाबणारे तर त्याआधीच थकतात, आणि यात तालमीतली मुलं सगळ्यात पुढं, कारण त्यांचा दंडावर विश्वास असतो. व्हिडिओ बघून हे येत नाही. प्रत्यक्ष करून न दाखवता नुसतं ऑनलाइन मिळालेलं सीपीआर सर्टिफिकेट एसीई धरत नाही, आणि बरोबरच करतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं, मग पुन्हा करायचं. जिममध्ये लागशील त्या पहिल्याच दिवशी विचारून घे: इथं एईडी मशीन आहे का, कुठं आहे, आणि १०८ ला फोन कोण लावणार.

पैशांचं असं कर. आधी सीपीआर, मग कौन्सिलचा कोर्स, त्याच्या जोरावर फ्लोअर ट्रेनरची, म्हणजे जिममध्ये येणाऱ्या सगळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्याची, नोकरी. अमेरिकन परीक्षेची फी डॉलरमध्ये असते आणि नापास झालास तर पुन्हा बसायची फी वेगळी. ती पगार सुरू झाल्यावर, अभ्यास पक्का झाल्यावर भर. कर्ज काढून भरू नकोस. आणि अर्जात मल्लखांब ठळक लिही. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी ज्याला पुन्हा उभं केलं, दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरानं १९२५ पासून ज्यात पिढ्या घडवल्या, ती विद्या तुझ्याकडे आहे. पकड, खांद्याची ताकद आणि शरीराचा तोल यांत तू जिममधल्या बऱ्याच जणांच्या पुढं असशील. व्यायामशाळेतल्या पोरांना शिकवणं सोडू नकोस.

प्रश्न: मी ४६ वर्षांची गृहिणी आहे. चार वर्षांपूर्वी शुगर काठावर आली म्हणून व्यायाम सुरू केला आणि आता वजनं उचलणं मला मनापासून आवडतं. आमच्या सोसायटीतल्या बायका, काही तर सत्तरीच्या, मला म्हणतात, तुम्हीच आम्हाला शिकवा ना. मुलं मोठी झाली आहेत, वेळ आहे. पण माझं शरीर काही फोटोतल्या ट्रेनरसारखं नाही. या वयात सर्टिफिकेट मिळतं का? आणि मिळालं तरी मी या बायकांना शिकवावं का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: मिळतं. किमान वय १८ आहे, कमाल वयाची अट नाही. पोटावर सहा चौकोन दिसले पाहिजेत असंही कुठल्याच परीक्षेच्या अटींत लिहिलेलं नाही. तुमच्या सोसायटीतल्या बायका तुम्हाला विचारतात, पलीकडच्या जिममधल्या मुलाला विचारत नाहीत, यामागं कारण आहे. तुमच्यासमोर त्यांना 'बसून उठताना गुडघा करकरतो' असं सांगायला लाज वाटत नाही.

शिकवावं का, तर होय, पण सर्टिफिकेट आणि सीपीआर हातात आल्यावर. फुकट शिकवत असलात तरीसुद्धा. सत्तरीच्या बाईंचं शरीर माफक चुकाही पोटात घालत नाही.

पहिल्या दिवशी कुणाच्याही हातात डंबेल देऊ नका. पार-क्यू नावाची एक प्रश्नावली आहे, मूळची सात प्रश्नांची. डॉक्टरांनी हृदयाचा त्रास सांगितला आहे का, छातीत दुखतं का, चक्कर येऊन तोल जातो का, हाडांचा-सांध्यांचा त्रास आहे का, बीपीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू आहेत का, असं त्यात विचारतात. ती मराठीत, समोर बसून, चहा घेत विचारा. नुसता कागद भरायला दिला की आपल्या बायका सगळीकडे 'नाही' वर खूण करतात. 'बीपी आहे का' विचारलं तर 'नाही' म्हणतात, आणि 'सकाळी कुठली गोळी घेता' विचारलं की पाकीट काढून दाखवतात. गोळी चालू आहे म्हणून बीपी नाही, असा त्यांचा हिशोब असतो. एकाही प्रश्नाला 'हो' आलं तर आधी डॉक्टरांची चिठ्ठी, मग व्यायाम. तिथं भिडेखातर ढिलाई नको.

गोळ्यांची नावं वहीत उतरवून घ्या, कारण त्यांतल्या काही तुमचं गणित बदलतात. बीटा ब्लॉकर गटातली गोळी नाडीचा वेग दाबून ठेवते. अशा बाईला '२२० वजा वय' या, हृदयाचे जास्तीत जास्त ठोके काढायच्या सूत्रानं ठोके ठरवून पळवलंत तर त्या धापा टाकतील आणि घड्याळ म्हणेल अजून वाढवा. त्यांना मी 'चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का' यावर ठेवते. इन्सुलिन घेणाऱ्यांची शुगर व्यायामाआधी १०० च्या खाली असेल तर थोडं खाऊन मगच सुरुवात. हात थरथरले, दरदरून घाम आला, बोलण्यात गोंधळ झाला तर व्यायाम तिथंच थांबवायचा आणि ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची. तुमच्या पिशवीत ग्लुकोजचा पुडा कायम असू दे.

मग खुर्ची. हात छातीवर दुमडून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं, ही वयस्कांसाठीची साधी, जगभर वापरली जाणारी चाचणी आहे. आकडा लिहा, पण त्याहून जास्त लक्ष उठण्याकडे द्या. खुर्ची भिंतीला टेकवलेली हवी. तुम्ही समोर आणि जरा बाजूला उभ्या राहा. बाई उठताना आधी पाय आत ओढतात का? दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकतात का? वजन एकाच पायावर जातं का? बसताना शेवटच्या चार बोटांत धप्पकन पडतात का? बहुतेकींचं हे शेवटचं होतं, कारण खाली जाताना भार धरून ठेवायची ताकद आधी कमी झालेली असते. आणि श्वास ऐका. उठताना दम कोंडून 'आई गं' म्हणत उठत असतील तर त्या क्षणी बीपी चढतं. उठताना श्वास सोडायला शिकवणं हा त्यांचा पहिला धडा. माझा पहिला आठवडा अनेकदा याच एका हालचालीत जातो आणि मला तो वाया गेल्यासारखा कधीच वाटत नाही. खुर्चीवर एक उशी ठेवून उंची वाढवायची, जमलं की उशी काढायची, मग हातात हलकं वजन. व्यायाम क्रमाक्रमानं वाढवायचा म्हणतात तो असा.

एक गोष्ट परीक्षेची. अमेरिकन पुस्तकांत बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप) ३० झाला की लठ्ठपणा, आणि कंबरेची धोक्याची रेषा पुरुषांत १०२ आणि बायकांत ८८ सेंटिमीटर. भारतीयांच्या अंगात कमी वजनालाच पोटाची चरबी आणि शुगर दिसू लागते, म्हणून आपल्याकडे डॉक्टर बीएमआय २५ ला लठ्ठपणा धरतात आणि कंबर पुरुषांची ९०, बायकांची ८०. परीक्षेत पुस्तकातलं उत्तर द्या, मुलुंडमध्ये टेप लावताना आपले आकडे वापरा.

आणि तुमच्या कामाची हद्द. तुम्ही निदान करायचं नाही, गोळी बंद करायला सांगायचं नाही, शुगरच्या रुग्णाला आहाराचा तक्ता लिहून द्यायचा नाही. 'भाकरीबरोबर डाळ, उसळ, दही वाढवा' इतपत बोलणं ठीक. त्यापुढं आहारतज्ज्ञ. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये दिलेलं माप तुम्ही बिनधास्त सांगू शकता: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा, आणि ६५ च्या पुढं आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचाही. तुमच्या सत्तरीच्या मैत्रिणींना त्या तोलाच्या सरावाची गरज सगळ्यात जास्त आहे. पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं की त्यांचं घराबाहेर पडणंच थांबतं, हे आपण घरोघरी बघतो.

तुम्ही परीक्षेला बसलात तर मला जरूर कळवा. मराठीत बोलणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या बायका या कामात फार कमी आहेत आणि त्यांची वाट बघणाऱ्या बायका खूप आहेत.

प्रश्न: मी योगशिक्षिका आहे. तेच सर्टिफिकेट जिममध्ये चालेल का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर: योगवर्गासाठी चालेल, वजनांच्या पर्सनल ट्रेनिंगसाठी धरणार नाहीत. योगाची वाट वेगळी आणि तितकीच मोठी आहे: १९१८ मध्ये सुरू झालेली, आता सांताक्रूझला असलेली योग इन्स्टिट्यूट शिक्षक घडवते आहे, आणि आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षाही आहेत. तुम्हाला शरीराची जाण आणि सूचना देण्याची सवय आहे. बाहेरचं वजन टप्प्याटप्प्यानं कसं वाढवायचं, तो भाग नव्यानं शिकावा लागेल.

प्रश्न: बी.पी.एड. केलं तर पर्सनल ट्रेनरचं सर्टिफिकेट वेगळं लागतं का?
— एक वाचक, वडाळा

उत्तर: बी.पी.एड. ही पदवीनंतरची दोन वर्षं, मुख्यतः शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यासाठी. तुमच्याच वडाळ्यात बीपीसीएचं (बॉम्बे फिजिकल कल्चर असोसिएशनचं) कॉलेज आहे. शाळेत पक्की नोकरी हवी असेल तर तेच करा. जिमवाले मात्र तरीही ट्रेनरचं सर्टिफिकेट आणि सीपीआर मागतील. अभ्यास तुम्हाला सोपा जाईल.

प्रश्न: माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. ओळखीतून एका जिममध्ये ट्रेनर म्हणून लागला, सर्टिफिकेट नाही. अंग एकदम भरलं, पाठीवर पुरळ, चिडचिड वाढली. खोली आवरताना इंजेक्शनच्या बाटल्या सापडल्या. विचारलं तर म्हणतो, या लाइनमध्ये सगळेच घेतात, मी क्लायंटनाही मिळवून देतो, पैसे सुटतात. त्याचे बाबा बोलत नाहीत त्याच्याशी. मी काय करू?
— एक आई, डोंबिवली

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. सगळेच घेत नाहीत. हे त्याला माझ्या नावानं सांगा.

तुम्ही लिहिलेल्या खुणा ॲनाबॉलिक स्टेरॉइडच्या असू शकतात. ही टेस्टोस्टेरॉनसारखी, म्हणजे पुरुषी हार्मोनसारखी औषधं. बाहेरून ते हार्मोन मिळालं की शरीर स्वतःचं तयार करणं थांबवतं. वृषणं लहान होतात, वीर्यातले शुक्राणू कमी होतात, काहींना छातीवर स्तनासारखी वाढ येते. चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, हृदयाचा स्नायू जाड होतो, आणि हे आरशात दिसत नाही. म्हणून ओरडून त्याच्या हातून बाटल्या एका दिवसात फेकून घेऊ नका. एकदम बंद केल्यावर शरीराचं स्वतःचं हार्मोन परत यायला वेळ लागतो आणि त्या काळात मुलं फार खचतात, नैराश्यात जातात. त्याला एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे न्या, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे. परळच्या केईएममध्ये तो विभाग आहे. डॉक्टरांना बाटल्या दाखवा, काहीही लपवू नका. ते त्याला रागावायला बसलेले नसतात. त्याच्या बाबांनाही बरोबर घ्या. त्याच्याशी अबोला धरायची ही वेळ नाही.

क्लायंटना मिळवून देणं ही याहून गंभीर गोष्ट आहे. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि परवान्याशिवाय औषध विकणं हा १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली गुन्हा आहे. ते आजच्या आज थांबलं पाहिजे, त्यात थोडं थोडं करून नाही. त्यानं दिलेल्या इंजेक्शननं एखाद्याच्या मुलाला काही झालं तर ते कुणालाच निस्तरता येणार नाही.

प्रोटीन पावडर हा वेगळा विषय, तिची सरसकट भीती नको. ती दुधापासून किंवा डाळीसोयापासून काढलेलं अन्नच असते. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा संस्थेचा, १४ आकडी परवाना क्रमांक बघा आणि सुटी, बिनलेबलची घेऊ नका. बरं वाटू लागलं की त्याला रीतसर अभ्यासाला लावा. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांची आचारसंहिता असते आणि ती मोडली तर सर्टिफिकेट जाऊ शकतं. त्या शिस्तीत काम करणारी मुलं बरोबर असतील तर त्याचं सावरणं सोपं जाईल.

प्रश्न: मी एसीई सर्टिफाइड आहे, दीड वर्ष झालं. बोरिवलीत राहते, सकाळी वांद्र्याला दोन क्लायंट, संध्याकाळी एक मुलुंडला, एक लोअर परळला. दुपारी घरी येऊन जाण्यातच दमते. नूतनीकरणाची तारीख जवळ आली आहे आणि अभ्यासाला वेळ नाही. जिमवाले आता 'आमच्याकडे पर्सनल ट्रेनिंग कर, फीमधला काही वाटा तुझा' म्हणतायत. घ्यावं का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर: नूतनीकरण चुकवू नकोस. एसीई आणि एनएएसएमला दर दोन वर्षांनी साधारण २० तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं, शिवाय सीपीआर मुदतीत हवं. एनएससीए आणि एसीएसएमचं चक्र तीन वर्षांचं. शेवटच्या महिन्यात स्वस्त मिळतील ते कोर्स गोळा करून तास भरू नकोस. तुझ्या चार क्लायंटची वही उघड. कुणाचा मणका दुखतो, कुणाची मेनोपॉज जवळ आली आहे, त्यावरचे कोर्स निवड. उरलेले महिने बघता आठवड्याला एक तास बाजूला काढलास तर निभेल, आणि तो तास ट्रेनमध्येही होतो.

तुझा खरा प्रश्न मुलुंड आहे. मुंबईत या कामाला सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी सहा ते दहा अशा दोनच वेळा आहेत, मधली दुपार रिकामी. त्या आठ तासांतला एकेक तास मोलाचा असताना तू वेस्टर्नवरून सेंट्रलला जाऊन यायला दोन-अडीच तास घालवतेस. मुलुंडच्या क्लायंटला एक महिना आधी सांगून तिथल्या एखाद्या चांगल्या ट्रेनरकडे सोपव, तिच्या सगळ्या नोंदी बरोबर दे. बोरिवली ते वांद्रे या पट्ट्यात टॉवरच्या सोसायट्यांमध्ये जिम आहेत, मशीन आहेत, शिकवणारं कुणी नाही. कमिटीच्या सेक्रेटरीला सर्टिफिकेट, सीपीआर आणि ओळखपत्राच्या प्रती घेऊन भेट. बायकांच्या बॅचसाठी त्यांना बाईच हवी असते.

जिमचा वाटा घ्यायला हरकत नाही, पण तोंडी नको. वाटा पूर्ण फीवर की कर वजा करून उरलेल्यावर, क्लायंट आयत्या वेळी आला नाही तर तुझे पैसे मिळणार का, तू आजारी पडलीस तर काय, क्लायंटनं उरलेली सत्रं सोडली तर काय, हे लिहून घे. नोकरी सोडल्यावर आसपासच्या भागात काम करायचं नाही, असं कलम काही करारांत असतं. ते असेल तर सही करण्याआधी किती महिने आणि कुठपर्यंत ते विचार, आणि तुझ्या सोसायट्या त्यातून वगळून घे. स्वतंत्र कामाचा हिशोब वेगळ्या वहीत ठेव: महाराष्ट्रात स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर असतो, आणि सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर जीएसटीची नोंदणी. दुपारचे तीन तास मात्र कुणालाच विकू नकोस. जेव, झोप, स्वतःचा व्यायाम कर. संध्याकाळच्या क्लायंटच्या हातात बारबेल असताना तुझं लक्ष जागेवर हवं.